शनिवारचे कागद

कुणालाही मदत करण्याआधी ताई उजवा हात पाठीमागे न्यायच्या आणि एकेक करून पाचही बोटं मिटायच्या. एखादं पोर बुटाच्या पट्ट्याशी झटतंय, त्याची आई न राहवून पुढे झेपावतेय, आणि ताई तिला नजरेनेच अडवून म्हणणार, "थांबा. पाच मोजा." पाठीमागे मूठ पुरी वळली की मगच मदत. बहुतेक वेळा चौथं बोट मिटेपर्यंत पोराने स्वतःच काहीतरी केलेलं असायचं. पट्टा उलटा लावलेला असायचा, पण लावलेला असायचा.

तुम्ही कधी पाच मोजून पाहिलेत? आपलं माणूस समोर अडलेलं असताना? करून पाहा. मी पहिल्यांदा मोजायला लागले तेव्हा तीनवरच हात पुढे गेला होता. ताई म्हणाल्या होत्या, "सईची आई, तुम्ही गणितात कच्च्या दिसता." पुढे मला ही सवय इतकी लागली की दुकानात कुणी स्पायरल बाइंडिंगचा भाव विचारला तरी मी आधी पाच मोजायची. कॉलेजची मुलं समजायची, बाईला ऐकायला कमी येतं.

आमचं दुकान सदाशिव पेठेत. झेरॉक्स, लॅमिनेशन, बाइंडिंग. बाइंडिंग नवरा बघतो, बाकीचं मी. दुकानाच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर ताईंची खोली होती. ऑटिझम असलेल्या लहान मुलांना त्या तिथे खेळातून शिकवायच्या. एकूण आठ मुलं, प्रत्येकाला रोज एक तास. खोलीत निळी सतरंजी, एक बुटकं टेबल आणि एक कपाट, बास. ताई चाळिशी उलटलेल्या, उंच, काटकुळ्या. दिवसभर जमिनीवर वावरल्यामुळे त्यांच्या सगळ्या सलवारी गुडघ्यावर विरलेल्या असायच्या. लोणी काळभोरहून दोन बस बदलून यायच्या आणि आल्या आल्या आमच्या माठातलं पाणी पिऊन वर जायच्या.

आता आमच्या दुकानाची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या रीतीवरच घडलं. आमच्याकडे गिऱ्हाइकाचा कागद वाचत नाहीत. सासऱ्यांनी दुकान काढलं तेव्हाच भिंतीवर पाटी लावली होती, 'येथे कागदाच्या प्रती निघतात. मजकुराशी आमचा संबंध नाही.' ह्या पेठेत सगळे सगळ्यांना ओळखतात. कुणाचं मृत्युपत्र येतं, कुणाच्या घटस्फोटाचे कागद, कुणाचा रक्ताचा रिपोर्ट. कागद पालथा घ्यायचा, काचेवर ठेवायचा, प्रत पालथीच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. समोरच्या इमारतीतल्या एकीचा नवरा घर सोडून गेला, हे मला सगळ्या पेठेनंतर कळलं, आणि त्याचे सगळे कागद माझ्याच मशीनमधून गेले होते. ह्याचा मला ताठा होता. खोटं कशाला सांगू, अजूनही थोडा आहे.

सई अडीच वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. हाक मारली तर बघत नव्हती. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दहा मिनिटांत ऑटिझम हा शब्द सांगितला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मी तिला घेऊन दुकानात आले आणि संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी प्रबंधाच्या चार प्रती काढल्या. दुसरं काय करायचं असतं, ते मला माहीत नव्हतं.

सई काउंटरच्या आत जमिनीवर बसून बाटल्यांची झाकणं फिरवत बसायची, तासन्‌तास. ताई एकदा काहीतरी लॅमिनेट करायला आल्या होत्या. त्यांनी तिला पाहिलं. मला वाटलं, आता हिला हाका मारतील, टाळ्या वाजवतील, बाकी सगळे करतात तसं. पण त्या काउंटरची फळी उचलून आत आल्या, तिच्यापासून हातभर अंतरावर सरळ फरशीवर पालथ्या झाल्या आणि पर्समधल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण काढून फिरवायला लागल्या. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. त्यातले एक निवृत्त गृहस्थ मला म्हणाले, "ह्या बाईंचं काही पडलंय का?"

सईने आपलं झाकण थांबवलं. ताईंचं झाकण पडेपर्यंत पाहिलं. मग स्वतःचं दुसरं झाकण बोटाने ढकलत त्यांच्याकडे सरकवलं.

सहा महिन्यांत तिने कुणाला काही दिलेलं मी पाहिलं नव्हतं. मी तिथेच स्टुलावर बसून रडले. ताई पालथ्या पडल्या पडल्याच म्हणाल्या, "आधी आपण तिच्या घरी जायचं. मग तिला आपल्या घरी बोलवायचं." आणि अंगावरची धूळ झटकत उठल्या.

दुसऱ्या दिवसापासून सईचा तास ठरला, पाच ते सहा. सुरुवातीचे काही दिवस मी जिन्यावर बसून दाराच्या फटीतून पाहायची. अर्धा तास नुसता खेळ. सई गोल फिरली की ताई गोल फिरणार. सई सतरंजीखाली शिरली की ताईही डोकं खुपसणार, मागून काटकुळे पाय तेवढे बाहेर. मग हळूच खेळात एक काडी घालायची. झाकण फिरवायला घ्यायचं आणि मुठीत धरून ठेवायचं. सईने हात धरला, डोळ्यांकडे पाहिलं, की झाकण मोकळं. त्या एका नजरेसाठी ताई वीस-वीस मिनिटं मूठ मिटून बसलेल्या मी पाहिल्या आहेत.

आईबापांना मात्र त्या सोडायच्या नाहीत. एका मुलीचे आजोबा सारखे म्हणायचे, "बोल बाळा, बोल, आजोबा म्हण." ताई म्हणाल्या, "आजोबा, आपण दिवसभर बोलता का?"

"म्हणजे काय, बोलतोच!"

"तेच म्हणते. तिने केव्हा बोलायचं?"

आजोबा आठवडाभर तोंड मिटून आले. मुलगी बोलली नाही, पण आजी फार खूश होती.

खेळानंतरचा अर्धा तास टेबलापाशी, चित्रांच्या कार्डांचा. समोर तीन कार्डं मांडायची आणि म्हणायचं, "आंबा दाखव." मुलाने आंब्याचं उचललं की चार कुरमुरे. चुकलं तर न रागावता पुन्हा. प्रत्येक वेळचं बरोबर की चूक ताई लगेच कागदावर मांडायच्या. सईची कार्डं करायचं काम अर्थात माझं. ताई म्हणाल्या होत्या, "दोन-तीन वेगवेगळे संच करा. एका आंब्याचे तीन आंबे हवेत." मी म्हटलं, आधी एक छान करते, मग बाकीचे. गिऱ्हाइकांच्या मधून वेळ काढून चाळीस कार्डं केली. आंबा, केळं, पंखा, चप्पल, वाटी, कुत्रा. माझ्या लॅमिनेशनच्या मशीनचा रोलर तेव्हा एका बाजूला कमी तापायचा, त्यामुळे कुठे बुडबुडा राहायचा, कुठे सुरकुती. कोपरे गोल करायचं कटर मोडलेलं होतं, ते मी कात्रीने कापले. एकही कोपरा दुसऱ्यासारखा नव्हता. मला त्याचं काहीच वाटलं नाही. आईने हाताने केलेली कार्डं, मला उलट अभिमान होता. आणि तो एकच संच वरही चालला आणि घरीही. दुसरा करायचा राहून गेला.

दर शनिवारी ताई सगळ्या मुलांचे आठवड्याचे कागद घेऊन खाली यायच्या. वरची खोली गळायची, एकदा अख्खी फाइल भिजली होती, म्हणून एक प्रत त्या घरी नेऊन ठेवायच्या. गठ्ठा पालथा काउंटरवर ठेवायच्या. मी पालथाच घ्यायची, पालथाच परत करायची. आम्हा आईबापांना महिन्याच्या शेवटी त्या अर्धं पान लिहून द्यायच्या, मूल कुठवर आलं ह्याचं. सईच्या पानावर आकडे वाढत गेले. पाच चित्रं, बारा चित्रं, सव्वीस.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी पान आलं, 'सई चाळीस चित्रं ओळखते.' दुसऱ्या दिवशी सईचा तास संपता संपता मी नवऱ्याला काउंटरवर बसवलं, कोपऱ्यावरच्या दुकानातून पेढे आणले आणि धावत वर गेले. ताईंनी पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही. म्हणाल्या, "घरी नेते." मला वाटलं, उपास असेल.

त्यानंतर ताई जरा गप्प झाल्या. माठातलं पाणी पिताना दोन शब्द बोलायच्या, ते बंद झालं. मी एकदा म्हटलं, "ताई, रोलर दुरुस्त करून घेतलाय. सईचा दुसरा संच करून देऊ का? तुम्ही मागे म्हणत होतात."

"नको," त्या घाईने म्हणाल्या. "आहेत तीच राहू देत. तिला त्यांची सवय झालीय."

ज्या बाईने तीन संचांसाठी माझा पिच्छा पुरवला होता, ती आता नको म्हणत होती. तुमच्या लक्षात आलं असतं कदाचित. माझ्या नाही आलं. माझी मुलगी चाळीस चित्रं ओळखत होती, मी हवेत होते. वाटेत भेटेल त्याला सांगत होते. सईसाठी एक शाळा हेरली होती. साधीच शाळा, पण अशा मुलांसाठी तिथे एक वेगळी खोली होती आणि एक शिकलेल्या बाई होत्या. जागा थोड्या. सांगितल्यावर समजतं अशाच मुलांना त्या पहिल्या वर्षी घ्यायच्या. मला खात्रीच होती.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी आम्ही तिघं गेलो. त्या शाळेच्या बाईंनी आपली कार्डं मांडली, छापील, गुळगुळीत. म्हणाल्या, "सई, आंबा दाखव."

सईने एकेक कार्ड उचललं. चित्राकडे पाहिलंच नाही. अंगठा कडेवरून फिरवला, कोपरा चाचपला आणि कार्ड खाली ठेवलं. तिन्ही कार्डं तशीच. मग माझ्याकडे पाहिलं. वाटी, चप्पल, कुत्रा, सगळ्याला तेच.

मी म्हटलं, "नवी जागा आहे ना, बुजलीय. आमची कार्डं आहेत माझ्याकडे." पर्समधून काढून दिली. सईने धडाधड दाखवली. दहाच्या दहा बरोबर. मी नवऱ्याकडे पाहून हसले.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी ती दहाही कार्डं पालथी केली. नुसत्या पांढऱ्या पाठी, चित्र कुठेच नाही. म्हणाल्या, "सई, आंबा दाखव."

सईने तीन पालथ्या कार्डांवरून अंगठा फिरवला आणि एक उचलून दिलं. बाईंनी ते उलटलं. आंबा होता. मग पालथी वाटी दिली, पालथा पंखा दिला.

"ती चित्र बघत नाही," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "कडा ओळखते. ह्या मुलांचं होतं असं, भलतीच खूण धरतात. आंबा म्हणजे तिच्या लेखी हा बुडबुडा. खरा आंबा दिलात तर तो तिला आंबा वाटणार नाही." मग कार्डं माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "तुमच्या ताईंच्या लक्षात आलं असेलच. रोजचे कागद असतील ना? पुढच्या वर्षी आणा तिला."

बाहेर पडल्यावर नवरा म्हणाला, "सोड ना, बुजली असेल." घरी जाताना फळवाल्याकडून केळं घेतलं आणि सईपुढे खरं केळं, वाटी आणि चप्पल ठेवली. "केळं दाखव." तिने केळ्यावरून अंगठा फिरवला. कोपरा शोधत होती. सहा महिने माझी मुलगी माझी कात्री शिकत होती.

चूक माझी होती, हे मला त्याच क्षणी कळलं. रोलर माझा, कात्री माझी, एकाच संचाचा आळस माझा. मी ते मान्य करते. मनात म्हटलं, ताईंना सांगू, त्याही कपाळावर हात मारतील, दोघी मिळून नव्याने सुरू करू.

दुसऱ्या दिवशी शनिवार. ताई नेहमीसारख्या गठ्ठा घेऊन खाली आल्या, पालथा ठेवला. मी घेतला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी गिऱ्हाइकाचा कागद सरळ केला. सईचाच वर होता.

ताईंचं अक्षर स्वच्छ. दोन ओळी होत्या. 'जुनी कार्डं: दहापैकी दहा. नवी कार्डं: दहापैकी एक.' खाली शेरा, 'कडा चाचपते. चित्राकडे पाहत नाही.'

"हे केव्हापासून?" मी विचारलं.

ताईंनी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी," त्या म्हणाल्या. "तुम्ही पेढे घेऊन वर आलात ना, त्याच दिवशीच्या तासाला. एक कार्ड हातातून पालथं पडलं आणि तिने ते तसंच उचलून दिलं. महिन्याचं पान मी आदल्या दिवशी लिहून दिलं होतं."

"आणि त्यानंतरची दोन पानं?"

त्यानंतरच्या दोन्ही पानांवरही चाळीस चित्रंच होती.

"नवी कार्डं कुठून आणलीत?"

त्यांनी मागच्या बोळातल्या दुकानाचं नाव घेतलं. हसू नका, पण त्या क्षणी मला सगळ्यात आधी लागलं ते हे. मी खाली रोलर दुरुस्त करून वाट बघतेय आणि ही बाई माझ्या मुलीची कार्डं मागच्या बोळातून लॅमिनेट करून आणतेय!

"मला वाटलं, महिन्याभरात मी सावरेन," ताई म्हणाल्या. "रोज अर्धा तास नव्या कार्डांवर घालत होते. तिने दोन-तीन ओळखली की तुम्हाला दोन्ही एकदम सांगणार होते. तुमचा चेहरा बघून मला धीरच झाला न्हाय हो." शहरात यायला लागल्यापासून त्यांनी लोणीची बोली दाराबाहेर ठेवली होती. त्या दिवशी ती आत आली.

"आणि दर शनिवारी हा कागद माझ्याच हातात देत होतात?"

"देत होते. कुठल्या तरी शनिवारी वाचाल, असं वाटायचं."

"मी लोकांचे कागद वाचत नाही."

"माहीत आहे," ताई म्हणाल्या.

त्यांनी ते उद्धटपणे म्हटलं नव्हतं. खरं तर मान खाली होती. पण ते दोन शब्द मला आजही कानशिलात मारल्यासारखे लागतात. माझ्या ज्या गोष्टीवर सगळी पेठ विश्वास ठेवत होती, तिच्याच आडोशाला ही बाई दहा आठवडे उभी राहिली होती. माझ्या मशीनवर, माझ्या हातांनी, माझ्याच मुलीचं अपयश प्रतींसकट काढून घेत होती, आणि मी सुट्टे परत करून 'या' म्हणत होते. कुणी परक्याने फसवलं असतं तर मी भांडून मोकळी झाले असते. ही तर माझ्या फरशीवर पालथी झोपलेली बाई.

मी त्यांना गठ्ठा परत दिला, फक्त सईचे कागद ठेवून घेतले. म्हटलं, "मागचे सगळेही आणून द्या." सोमवारी त्यांनी आणून दिले. एकही कागद दडवला नव्हता. प्रत्येकावर त्या दोन ओळी.

मग मी जे केलं तेही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, दुसऱ्याचं तेवढं सांगते. मी त्या दहा कागदांच्या सात सात प्रती काढल्या, पिना मारल्या आणि बाकी सातही मुलांच्या आईबापांना जिन्याखाली गाठून दिल्या. वाचा म्हटलं, सरळ करून वाचा. नवरा म्हणाला, "अगं, हे बरं नाही." मी म्हटलं, मुलगी माझी, कागद माझे, मशीन माझं.

महिन्याभरात चार मुलं बंद झाली. एकाच्या आईने तर सगळ्या पेठेत बोभाटा केला. पाचवंही गेलं. सईला मात्र, दुसरीकडे जागा मिळेपर्यंत म्हणून, मी रोज पाचला वर पाठवत राहिले. मला तेव्हा बरं वाटलं, साफ सांगते. आपण एकट्याच मूर्ख ठरलो नाही, असं वाटलं.

येरवड्याहून स्कूटरवर मुलाला घेऊन येणारे एक बाबा होते, पोस्टात नोकरीला. त्यांनी माझे कागद वाचले आणि दोन दिवसांनी दुकानात येऊन परत ठेवले.

"मॅडम, तुमच्या बाबतीत वाईट झालं," ते म्हणाले. "पण माझ्या मुलाचे कागद मी दर आठवड्याला त्यांच्याकडून मागून वाचतो. शून्य असलं की शून्यच लिहिलेलं असतं, आणि विचारलं की सांगतातही. तुम्ही कधी मागितले नाहीत?"

माझ्याकडे उत्तर होतं. पण ते सांगितलं असतं तर ते गृहस्थ भिंतीवरच्या पाटीकडे बघून हसले असते.

"माझा मुलगा त्यांच्याकडे घास भरवायला लागलाय. मला," ते म्हणाले. "आता खोली बंद झाली तर मी कुठे जाऊ, ते पण सांगा." आणि हेल्मेट घालून निघून गेले.

खोली मार्चअखेर बंद झाली. सई धरून उरलेल्या तीन मुलांवर भाडं निघत नव्हतं. शेवटच्या दिवशी ताई सामानाच्या दोन पिशव्या घेऊन खाली आल्या आणि काउंटरपासून थोड्या अंतरावर उभ्या राहिल्या. माझ्याकडे एका मुलाच्या जर्नलचं काम चालू होतं, दोनेकशे पानं असतील. मी मान वर केली नाही. नवरा नंतर म्हणाला, पाऊण तास उभ्या होत्या. मला माहीत होतं. शंभराव्या पानाला मी थांबले असते तर बोलता आलं असतं, पण मी मशीनमध्ये कागद घालत राहिले. जर्नल संपलं तेव्हा त्या गेलेल्या होत्या, आणि माठावरचा पेला पालथा घातलेला होता.

आता सई दुसरीकडे जाते. तिथे शिकवणाऱ्या मुलीने पहिल्याच दिवशी कार्डं बाजूला ठेवली. आधी खरी वस्तू, मग तिचा फोटो, मग चित्र. मी दर आठवड्याला कागद मागते आणि तिच्या देखत वाचते. सईला केळं, चेंडू आणि वाटी कळते. तीन. सगळ्या प्रकारची केळी, सगळ्या प्रकारच्या वाट्या. शाळा ह्या वर्षी झाली नाही, पुढच्या वर्षी बघू म्हणाल्यात. ताईंचा मला राग आहे. कमी झालेला नाही. गेलेले महिने कुणी परत देत नाही, आणि चार वर्षांच्या मुलीचा एक महिना म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

पण एका गोष्टीचं काय करायचं, ते मला उमगत नाही. ताई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पाच वाजता सई काउंटरखालून उठली, माझं बोट धरून जिन्याशी आली आणि वर चढून कुलूप लावलेल्या दारासमोर पायरीवर बसली. मी म्हटलं, "ताई नाहीत गं." ती दाराकडे बघत राहिली. उचललं तर अंग ताठ केलं. शेवटी मीही शेजारी बसले. वाटलं, दोन दिवसांत विसरेल. सुट्टी संपली, पाऊस येऊन गेला, ती विसरली नाही. रोज पाच वाजले की उठते.

डॉक्टर म्हणतात, अशा मुलांना नेमाची सवय असते, माणसाची नाही. म्हणत असतील. तिथे पायरीवर बसून मला सारखं वाटतं की ताईंनी मला फसवलं, ह्यात शंका नाही, मी कुणालाही पुराव्यासकट दाखवीन. पण हिची ताई हिच्याकडून नेली ती मी. सईशी तर त्या बाईने कधी एक खोटी गोष्ट केली नव्हती. आणि हे तिला समजावून सांगायला माझ्याकडे केळं, चेंडू आणि वाटी, एवढेच शब्द आहेत.

दुकान तेवढा वेळ नवरा बघतो. लॅमिनेशनची गिऱ्हाइकं खोळंबतात, खालून हाका मारतात. मी येत नाही. सहा वाजले की सई आपणहून उठते, दारावर तळहात टेकवते आणि माझं बोट धरून खाली उतरते.